दुसरी प्रत कोणाकडे? गिरणीच्या मस्टरपासून एचआर पोर्टलपर्यंत



आजचा विषय वरवर पाहिला तर अगदी रुक्ष वाटेल: कंपन्या कर्मचाऱ्यांची कागदपत्रं कशी सांभाळतात आणि त्यातली कोणती कर्मचाऱ्याच्या हातात देतात. नेमणूकपत्र, पगारपावती, रजेचा हिशेब, पीएफचा नंबर, नोकरी सोडताना मिळणारं अनुभवपत्र. हल्ली हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये असतं. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावाचं फोल्डर, कोणी काय बघायचं याच्या परवानग्या, आणि ‘शेअर’ नावाचं एक बटण. असं सॉफ्टवेअर विकणारे सांगतात की फायलींचा पसारा संपला. ते खरंही आहे.

पण इतिहासाच्या अंगाने या बटणाकडे पाहिलं की एक जुना प्रश्न वर येतो. कामगाराबद्दलचा कागद तयार झाला आणि मालकाच्या कपाटात गेला. त्याची दुसरी प्रत कोणाकडे आहे?

माझा मुद्दा आधीच सांगून टाकते. नोकरीच्या कागदांचा इतिहास हा मुख्यतः या दुसऱ्या प्रतीचा इतिहास आहे. कागद कशाचा आहे, शाईचा की पीडीएफचा, हे त्यामानाने दुय्यम. उदाहरण म्हणून मी मुंबईच्या कापड गिरण्या घेतल्या आहेत. कारण या शहरात दुसऱ्या प्रतीवर हजारो कुटुंबांना घर मिळणं किंवा न मिळणं अवलंबून राहिलं.

जॉबरच्या डोक्यातलं रजिस्टर

कावसजी नानाभाई दावर यांची बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा असा सगळा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली.

मात्र गिरणीच्या ऑफिसला या माणसांची एकेकटी ओळख फारशी नव्हती. भरती करायचा जॉबर. गिरणीच्या दारात उभ्या असलेल्यांपैकी आज कोणाला आत घ्यायचं, कोणाला गावी जायला रजा द्यायची, परत आल्यावर त्याची जागा त्याला द्यायची की नाही, हे बऱ्याच अंशी तोच ठरवायचा. त्यासाठी दस्तुरीही घ्यायचा. ऑफिसकडे मस्टर असे, पगाराचा हिशेब असे. पण ‘हा माणूस कोण, किती वर्षं आहे, मधले तीन महिने कुठे होता’ ही माहिती जॉबरच्या डोक्यात. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस माणसाच्या डोक्यात होता आणि त्याचा बॅकअप कुठेच नव्हता. जॉबर बदलला की कामगाराची सगळी ‘सर्व्हिस’ हवेत.

एकेका माणसाविषयी काही लिहून ठेवायची गरज एका वेगळ्याच बाजूने आली, ती म्हणजे वय. १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचं काम दिवसाला नऊ तासांवर आणलं. आता दारात उभं असलेलं पोर सातचं की दहाचं, हे ठरवणार कसं? जन्माचा दाखला बहुतेकांकडे नव्हताच. म्हणून डॉक्टरी दाखला लागायला लागला आणि पुढच्या कायद्यांत ही पद्धत पक्की होत गेली.

ती शेवटी कुठे पोचली हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ६८ व्या कलमात दिसतं. कामावर येणाऱ्या अल्पवयीन मुलाचा आरोग्य दाखला राहील व्यवस्थापकाच्या ताब्यात, आणि मुलाने काम करताना स्वतःजवळ बाळगायचा त्या दाखल्याचा संदर्भ असलेला बिल्ला. म्हणजे माहिती एकाकडे आणि तिच्याकडे बोट दाखवणारा नंबर दुसऱ्याकडे. तुमच्यापैकी ज्यांनी कॉम्प्युटर सायन्स केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. मूळ रेकॉर्ड सर्व्हरवर, तुमच्या हातात फक्त पॉइंटर.

बदली कार्ड

१९२९ मध्ये सरकारने भारतातल्या कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं. त्याचा अहवाल १९३१ मध्ये आला. जॉबरच्या हातात एकवटलेल्या भरतीवर त्यात कडक टीका होती. मालकांनाही जॉबर नकोसा होऊ लागला होता, कारण वेगळं असलं तरी. ज्या माणसाच्या डोक्यात सगळं रजिस्टर आहे, तो संपाच्या वेळी कोणत्या बाजूला उभा राहील याची खात्री नसते.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा तो बदली. नवी पद्धत अशी: महिन्याच्या एक तारखेला गिरणीने ठरावीक माणसांना खास बदली कार्डं द्यायची, त्या माणसांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं आणि रिकाम्या जागा आधी त्यांच्यातूनच भरायच्या.

संशोधनाच्या दृष्टीने हे कार्ड फार बोलकं आहे. मालकाच्या बाजूने पाहिलं तर ते नियंत्रणाचं साधन आहे. जॉबरच्या मर्जीवर चालणारी भरती ऑफिसने आपल्या हाती घेतली. कामगाराच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या खिशात पहिल्यांदाच एक असा कागद आला, जो जॉबरच्या तोंडी शब्दापेक्षा वेगळं काही सांगू शकत होता. एकाच वस्तूला हे दोन्ही अर्थ आहेत आणि त्यातला कोणता एक ‘खरा’ असं ठरवायची घाई करू नये. नोकरीचा जवळजवळ प्रत्येक कागद असा दुहेरी असतो. आजचं बायोमेट्रिक हजेरीचं रेकॉर्डसुद्धा उशिरा येणाऱ्याचा पगार कापतं आणि जास्त तास थांबलेल्याचा पुरावाही ठेवतं. फरक पडतो तो ते रेकॉर्ड कोणाला बघता येतं यावर.

कायद्याने केलेली वाटणी

स्वातंत्र्याच्या आगेमागे पाच-सात वर्षांत कामगार कायद्यांची रांगच लागली. या कायद्यांकडे आपण हक्कांची यादी म्हणून बघतो. मी सुचवेन की एकदा ‘कोणता कागद कोणाकडे’ एवढ्याच प्रश्नाने ते वाचून पाहा.

१९४६ च्या स्थायी आदेशांच्या केंद्रीय कायद्याखाली जे नमुना आदेश केले गेले, त्यात कायम कामगाराला नंबर असलेलं तिकीट होतं. बदलीला कार्ड होतं आणि त्यावर त्याने काम केलेले दिवस लिहायचे होते. नोकरी संपताना कायम कामगाराला सर्व्हिस सर्टिफिकेट मागायचा हक्क होता. मुंबईच्या गिरण्यांचे स्थायी आदेश मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली वेगळे होते, पण तिकीट आणि कार्ड ही भाषा तिथेही तीच. बदली कार्डावर दिवस लिहायचे, हा बदल छोटा दिसतो, पण त्याने परवान्याचा पुरावा होतो. ‘आज आत यायला हरकत नाही’ असं सांगणारा कागद आता ‘अमुक इतके दिवस काम केलं’ असंही सांगायला लागतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारांचं रजिस्टर सक्तीचं केलं आणि ते निरीक्षकाला केव्हाही पाहता आलं पाहिजे असं म्हटलं. ‘निरीक्षकाला’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने या रजिस्टरात नाव नसलेल्याला कामावर घ्यायलाच मनाई केली. म्हणजे कामगाराचं अस्तित्व नोंदीवर टेकलं आणि नोंद राहिली कारखान्याच्या टेबलावर.

याच कायद्याखालच्या नियमांत मात्र एक सुंदर अपवाद आहे. वर्षात २४० दिवस काम केलं की पगारी रजा मिळत असे, आणि तिचा हिशेब ठेवायला अनेक राज्यांच्या कारखाने नियमांत कामगाराला रजेचं पुस्तक द्यायची तरतूद होती. हे पुस्तक कामगाराच्या मालकीचं आहे, नोंद करण्यापुरतंच व्यवस्थापकाने ते मागावं आणि एका वेळी आठवड्याहून जास्त स्वतःकडे ठेवू नये, असं त्या नियमांत लिहिलेलं असे. नियम लिहिणाऱ्याला माहीत होतं की पुस्तक ऑफिसात ‘राहिलं’ की ते राहिलंच. कागदाची मालकी आणि कागदावर लिहिण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या साध्या शब्दांत मला फार कमी ठिकाणी सापडलं.

पुढे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या केंद्रीय नियमांत ठेकेदाराने कामगाराला तीन दिवसांत रोजगार कार्ड द्यावं आणि काम संपल्यावर सेवा दाखला द्यावा असं आलं. यामागचा विचारही तोच. जिथे मालक लवकर बदलतो, तिथे माणसाच्या हातात काहीतरी पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरची संस्था. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात सुरुवातीला घेतलेल्या सहा उद्योगांत कापड उद्योग होता, आणि कर्मचारी राज्य विमा योजना १९५४ मध्ये मुंबईत पोचली. यामुळे कामगाराच्या नावाची एक नोंद गिरणीच्या भिंतीबाहेर, सरकारी कार्यालयात, तयार झाली. दोन प्रतींचं गणित तिथे तीन प्रतींचं झालं. त्याचं मोल पुढे कळणार होतं.

सेवापुस्तकाचा जानेवारी

सरकारी नोकरांची गोष्ट थोडी निराळी. ज्यांच्या घरात कोणी सरकारी नोकरीत आहे, त्यांनी ‘सेवापुस्तक’ हा शब्द लहानपणापासून ऐकला असेल. नेमणूक, बढती, रजा, वेतनवाढ, बदली, सगळं त्यात. पेन्शन त्यावरच ठरतं.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार सेवापुस्तकाच्या दोन प्रती असतात. एक कार्यालयप्रमुखाकडे आणि दुसरी नेमणुकीनंतर महिन्याभरात कर्मचाऱ्याकडे. दरवर्षी जानेवारीत कर्मचाऱ्याने आपली प्रत कार्यालयात द्यायची, कार्यालयाने ती अद्ययावत करून तीस दिवसांत परत करायची. महाराष्ट्रातही दुय्यम सेवापुस्तकाची पद्धत आहे.

हे चक्क ‘सिंक’ आहे. दोन ठिकाणच्या प्रती वर्षातून एकदा जुळवायच्या, फरक निघाला तर तो निवृत्तीच्या आदल्या दिवशी न कळता त्याच वर्षी कळावा. प्रत्यक्षात किती कार्यालयांत हे वेळेवर होतं हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे, आणि नियम व व्यवहार यांतलं अंतर मोजणं हे आपलं कामच आहे. पण नियमामागचा विचार पाहा: ज्याच्याबद्दलची नोंद आहे, त्यालाच ती दरवर्षी तपासायला लावली तर ती बरोबर राहण्याची शक्यता जास्त. डेटाची गुणवत्ता सांभाळायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

खासगी कारखान्यातल्या कामगाराला अशी पूर्ण दुसरी प्रत मिळाली नाही. त्याला मिळाले तुकडे. एक तिकीट, एक पावती, एक नंबर.

१९८२ नंतर

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपाचा राजकीय आणि आर्थिक इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे, तो इथे परत सांगत नाही. कागदांच्या दृष्टीने घडलं ते असं: असंख्य कामगारांची नोकरी कोणत्याही शेवटच्या सहीशिवाय संपली. ना निवृत्ती, ना रीतसर राजीनामा. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, बाकीच्यांपैकी अनेक पुढच्या वर्षांत आजारी पडल्या, बंद झाल्या, जमिनी विकल्या गेल्या. पहिली प्रत ज्या कपाटात होती, त्या कपाटाचाच ठावठिकाणा राहिला नाही.

मग गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायची योजना आली. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार जमिनीचा काही वाटा म्हाडाकडे येऊन त्यावर घरं बांधायची. बंद आणि आजारी अशा ५८ गिरण्यांतले, १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर नोकरीत असलेले कामगार किंवा त्यांचे वारस पात्र. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. अर्ज मात्र सुमारे दीड लाख. २०२३ मध्ये म्हाडाने पात्रता ठरवण्यासाठी पुन्हा कागदपत्रं मागवली, या वेळी ऑनलाइनसुद्धा.

त्या वेळी पुरावा म्हणून जी कागदपत्रं चालतील असं सांगितलं होतं, ती यादी म्हणजे या लेखाचा सारांशच. त्यातली बरीचशी मी तीन गटांत मांडते.

पहिला गट, कामगाराच्या हातातले: गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, पगारपावती.

दुसरा गट, गिरणीने ठेवलेले किंवा गिरणीनेच द्यायचे: हजेरीपत्रक, लिव्ह रजिस्टर, सर्व्हिस सर्टिफिकेट, गिरणीचं प्रमाणपत्र.

तिसरा गट, ज्यांची नोंद गिरणीबाहेरही सापडू शकते: भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीच्या आदेशाची प्रत.

चाळीस वर्षांनी यातला कोणता गट टिकेल? दुसरा गट गिरणीबरोबर बुडण्याची शक्यता सर्वात जास्त. पहिला गट टिकला तो घरच्यांच्या जपणुकीवर. चाळीतून गावी, गावाहून मुलाकडे, मधे चाळीस पावसाळे, अशा प्रवासात पत्र्याच्या पेटीत तळाशी राहिलेली एक पगारपावती. तिसऱ्या गटाला बाहेरची संस्था होती म्हणून आधार. पण तिथेही नाव जुळायला हवं. एकाच माणसाचं नाव वेगवेगळ्या कागदांवर वेगळं असू शकतं. कुठे आडनाव आहे, कुठे फक्त वडिलांचं नाव, कुठे कारकुनाच्या कानावर पडलं तसं स्पेलिंग. त्याची गाठ आजच्या आधार कार्डावरच्या नावाशी घालायची.

ज्यांनी संख्याशास्त्र शिकलंय त्यांनी इथे थांबून विचार करावा. पात्र ठरलेल्यांची यादी ही ‘गिरणीत काम केलेल्यांची’ यादी नाही, ती ‘गिरणीत काम केलेल्या आणि कागद टिकलेल्यांची’ यादी आहे. आपण याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतो. बदली आणि हंगामी कामगारांकडे मुळातच कागद कमी, म्हणून अशा यादीत ते कमी दिसणार. कोणी उद्या या यादीवरून गिरणी कामगारांचं सामाजिक चित्र काढायला बसलं, तर आधी हे ध्यानात घ्यायला हवं.

संगणकाने आधी काय उचललं?

आता थोडं बाहेर जाऊ, कारण सॉफ्टवेअरची सुरुवात मुंबईत झाली नाही.

इंग्लंडमधल्या जे. लायन्स या चहा आणि बेकरीच्या कंपनीने स्वतःचा लिओ नावाचा संगणक बांधला आणि १९५१ पासून ऑफिसच्या कामाला लावला. काही वर्षांतच त्यावर कर्मचाऱ्यांचे पगार निघू लागले. १९७२ मध्ये जर्मनीत सॅप ही कंपनी निघाली. तिचा पहिला ग्राहक इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजचा नायलॉन धाग्याचा कारखाना होता आणि कामं होती पगार आणि हिशेब. १९८७ मध्ये अमेरिकेत पीपलसॉफ्ट आली, तिने मनुष्यबळ विभागाचंच सॉफ्टवेअर विकायला घेतलं.

क्रम लक्षात घ्या. पगार सगळ्यात आधी संगणकावर गेला, कारण ते गणित आहे, दर महिन्याला तेच करायचं असतं आणि तारीख चुकवता येत नाही. कागदपत्रं सगळ्यात शेवटी गेली, कारण ती वेडीवाकडी असतात. कुठे सही, कुठे शिक्का, कुठे हाताने लिहिलेली टीप. म्हणून कितीतरी वर्षं पगार संगणकावर आणि नेमणूकपत्र लोखंडी कपाटात, असा दुहेरी संसार चालला. स्कॅनर आणि साठवणूक स्वस्त झाली, इंटरनेट आलं, तेव्हा कपाट फोल्डर झालं.

आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता दिली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने नऊ कामगार कायद्यांखालच्या ५६ रजिस्टर आणि नमुन्यांच्या जागी पाच सामाईक रजिस्टरं आणली आणि ती इलेक्ट्रॉनिक ठेवायलाही परवानगी दिली. याचा फायदा प्रामुख्याने ठेवणाऱ्याला झाला.

कामगाराच्या बाजूने झालेला मोठा बदल माझ्या मते २०१४ चा आहे. पीएफचा यूएएन. त्याआधी पीएफ खात्याचा क्रमांक आस्थापनेच्या कोडला जोडलेला असे. नोकरी बदलली की नवा क्रमांक, जुने पैसे जुन्या क्रमांकात. दावा न झालेली अशी रक्कम सुमारे २७ हजार कोटी असल्याचं पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०१४ च्या भाषणात सांगितलं होतं. यूएएनने क्रमांक कंपनीकडून काढून माणसाला जोडला. डेटाबेसच्या भाषेत फक्त ‘की’ बदलली. पण रेकॉर्ड कंपनीच्या नावाने लावायचं की माणसाच्या, हा निव्वळ तांत्रिक निर्णय नसतो. १९३५ च्या बदली कार्डापासून चाललेल्या वादातला तो एक टप्पा आहे.

‘शेअर’ म्हणजे नक्की काय?

आता परत त्या बटणाकडे येऊ. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये काही गोष्टी खरोखरच चांगल्या आहेत. कोणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद राहते. गिरणीच्या कपाटाला हे कधीच शक्य नव्हतं. जुनी प्रत पुसली न जाता नवी तिच्यावर चढते. मुदत संपणाऱ्या परवान्याची आठवण आपोआप जाते. पगारपावतीसाठी कोणाच्या टेबलापाशी उभं राहावं लागत नाही.

पण ‘शेअर’ या एका शब्दात दोन वेगळ्या क्रिया लपलेल्या आहेत, दाखवणं आणि देणं. बहुतेक वेळा कर्मचाऱ्याला मिळते ती लिंक. फाइल कंपनीच्या किंवा तिने घेतलेल्या सेवेच्या सर्व्हरवर, आणि दार उघडतं ऑफिसच्या ईमेलने. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो ईमेल बंद झाला की लिंकही बंद. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्याने पावत्या वेळेत उतरवून घेतल्या नाहीत, त्याच्याकडे उरतो तो फक्त बिल्ला, १९४८ च्या त्या मुलासारखा. कंपनी बंद पडली, विकली गेली, किंवा तिने सॉफ्टवेअर बदललं, तर बिल्ला ज्या कागदाकडे बोट दाखवतो तो कागदही शोधावा लागणार.

कायदा काय म्हणतो? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणांसाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा आहे. अकराव्या कलमात ‘माझ्याबद्दल काय माहिती आहे ते मला सांगा’ असा हक्क आहे, पण त्याची शब्दरचना संमती दिलेल्या किंवा स्वतःहून दिलेल्या माहितीशी जोडलेली आहे. दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचली की फट दिसते. संमतीशिवाय नोकरीसाठी ठेवलेल्या माहितीला तो हक्क लागू होतो असं तिथे म्हटलेलं नाही. युरोपच्या जीडीपीआरमधलं पंधरावं कलम असा फरक करत नाही, आणि ते माहितीची प्रत द्यायलाही सांगतं. दुसऱ्या बाजूला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. म्हणजे सुरुवातीचा कागद हातात आला. मधल्या आणि शेवटच्या कागदांचं काय, हा प्रश्न अजून खुला आहे.

संशोधनाला निघणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी काही जण नेट किंवा पीएचडीच्या प्रस्तावाच्या तयारीत असाल. या विषयातून कोणत्याही विषयाला लावता येतील अशा चार गोष्टी.

१. स्रोत हातात आला की मजकूर वाचायच्या आधी त्याचं चरित्र विचारा. कोणी तयार केला, कोणाला दाखवण्यासाठी, कुठे ठेवला, किती प्रती होत्या आणि त्यातली कोणती तुमच्यासमोर आहे. निरीक्षकासाठी लिहिलेलं रजिस्टर आणि कामगाराच्या खिशातलं कार्ड एकाच दिवसाबद्दल वेगळं बोलू शकतात.

२. जे सापडत नाही, तेही नोंदवा. मस्टरमधली गाळलेली पानं, कार्ड नसलेले कामगार. अभाव कुठे आहे याचा नकाशा काढला की बऱ्याचदा सत्तेचा नकाशा मिळतो.

३. एकाच स्रोतावर विसंबू नका. या विषयात सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१ पासून काढलेलं लेबर गॅझेट, गिरणी मालक संघाचे वार्षिक अहवाल आणि महाराष्ट्र राज्य अभिलेखागारातली कागदपत्रं ही एक बाजू. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गोळा केलेल्या गिरणगावातल्या मुलाखती ही दुसरी. पहिल्या बाजूला नंबर दिसतात, दुसऱ्या बाजूला माणसं. दोन्ही एकमेकांना तपासतात.

४. हयात माणसांची कागदपत्रं हाताळताना त्यांचा पीएफ क्रमांक, आधार, पत्ता तुमच्या प्रबंधात उतरवू नका. परवानगी घ्या, नंबर झाका, आणि स्कॅन केलं तर त्याची एक प्रत त्या घरालाही द्या. ज्या विषयावर आपण लिहितो आहोत, त्यातला अन्याय आपल्याच हातून परत व्हायला नको.

शेवटी, एचआरचं कोणतंही सॉफ्टवेअर तपासायचं असेल तर मी एकच कसोटी लावेन. नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाकडे, कोणाचीही परवानगी न मागता, काय उरतं? रजेच्या पुस्तकाचा नियम लिहिणाऱ्याने या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं: पुस्तक कामगाराचं आहे. मालकाने त्यावर नोंद करावी आणि ते परत द्यावं.

तुमच्या घरी आजोबांचं, आजीचं असं एखादं कार्ड, पास किंवा पावती असेल तर आज काढून बघा. मागची बाजूही बघा. आणि फोटो काढून ठेवा, पावसाळा दरवर्षी येतो.